सेडानची काच आटली, पत्रा चढला

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या सेडान सुटसुटीत आणि नीटनेटक्या दिसायच्या. आजच्या जाडजूड वाटतात. खिडक्या बारीक, मागचं छप्पर उतरतं, तोंडावर भलीमोठी जाळी. हे आमचं वय बोलतंय, की खरंच काही बिघडलंय? आणि दर पिढीत गाडी मोठीच का होते?"

गाडीच्या बॉडीची आखणी हे माझं काम आहे आणि ते मी पंचवीसहून जास्त वर्षं करते आहे. माणूस कुठे बसणार, त्याच्या डोक्यापासून छप्पर किती वर, इंजिनाच्या माथ्यापासून बॉनेट किती वर, दार किती जाड, ही मापं चित्रकाराने पहिली रेघ ओढायच्या आधीपासून एकमेकांशी भांडत असतात. गाडीचा आकार त्या भांडणातून निघतो. म्हणून मी उत्तर आवडीनिवडीपासून सुरू न करता मापांपासून करते.

शौकिनांच्या तोंडी कायम असणारी गाडी घेऊ, बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज. १९८२ साली आलेली तिची ई-३० ही पिढी (ई-३०, जी-२० ही कंपनीने पिढ्यांना दिलेली सांकेतिक नावं) ४३२५ मिमी लांब, १६४५ रुंद आणि १३८० उंच होती. २०१८ मध्ये दाखवलेली जी-२० ४७०९ लांब, १८२७ रुंद आणि साधारण १४४० उंच आहे. लांबी ३८ सेंटीमीटरने वाढली, रुंदी १८ सेंटीमीटरने, उंची फक्त ६ सेंटीमीटरने. आता भागाकार करून बघा. ई-३० ची रुंदी उंचीच्या १.१९ पट होती, जी-२० ची १.२७ पट आहे. लांबी आधी उंचीच्या ३.१३ पट होती, आता ३.२७ पट आहे. चाकांचंही तेच. १९५/६५ आर १४ टायरचा बाहेरचा व्यास ६०९ मिमी येतो, म्हणजे ई-३० ची उंची त्याच्या २.२७ पट. २२५/४५ आर १८ टायरचा व्यास ६६० मिमी येतो, आणि जी-२० ची उंची त्याच्या २.१८ पट.

प्रमाणबद्धतेचे जे नियम आम्हाला शिकवले जातात, त्या सगळ्यांनुसार नवी गाडी जास्त लांबट आणि बसकी आहे, चाकांवर जास्त ठाम उभी आहे. कागदावर ती जिंकते. तरीही दोन्ही शेजारी उभ्या केल्या की शौकिनांची नजर जुनीवरच खिळते. माझीही खिळते. तेव्हा "गाडी फुगली" हे निदान अपुरं आहे. खुपतंय ते दुसरंच काहीतरी.

ते दिसायला गाडीकडे अगदी बाजूने बघावं लागतं. खिडकीच्या काचेखालून पुढून मागे जी रेघ जाते तिला आम्ही बेल्टलाइन म्हणतो. रेघेच्या वरचा सगळा भाग, म्हणजे काचा, छप्पर तोलणारे खांब (पिलर) आणि छप्पर, हे ग्रीनहाउस. जुन्या चांगल्या सेडानमध्ये बाजूने दिसणाऱ्या उंचीचा साधारण एक तृतीयांश भाग ग्रीनहाउसचा असायचा आणि दोन तृतीयांश पत्र्याचा. पिलर सडपातळ, म्हणून छप्पर काचेवर तरंगल्यासारखं दिसायचं. गेल्या तीस वर्षांत ही रेघ वर सरकली आहे. काच आटली आणि दाराचा पत्रा उंच झाला. मला विचाराल तर आजच्या सेडानबद्दलच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ या एका सरकलेल्या रेघेत आहे.

रेघ वर का गेली, हे नीट सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं की डिझायनरांना अरुंद खिडक्यांचं वेड लागलं. वेड काही प्रमाणात आहेच, ते मी नाकारत नाही. पण सुरुवात रस्त्यावरून पायी चालणाऱ्या माणसापासून झाली. गाड्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने १९९७ पासून पादचाऱ्याला धडक बसली तर काय होतं हे तपासायला घेतलं, आणि ऑक्टोबर २००५ पासून युरोपात नव्या मॉडेलांसाठी त्याचा कायदाच लागू झाला. चाचणीत डोक्याच्या आकाराचा गोळा बॉनेटवर आपटतात. बॉनेटचा पत्रा पातळ असतो, तो वाकतो आणि धक्का झेलतो. पण त्याच्या अगदी खाली इंजिनाचं डोकं किंवा सस्पेन्शनचा वरचा खांब असेल, तर वाकायला जागाच उरत नाही आणि कवटी थेट लोखंडावर जाते. म्हणून बॉनेट आणि त्याखालचा कठीण भाग यांत सात-आठ सेंटीमीटर पोकळी ठेवावी लागते. इंजिन फारसं खाली नेता येत नाही, कारण खाली क्रँकशाफ्ट, तेलाचं भांडं आणि रस्ता. तेव्हा बॉनेट वर जातं.

बॉनेट वर गेलं की समोरच्या काचेचा पाया वर जातो आणि काचेमागून डॅशबोर्डही वर येतो. बेल्टलाइन तिथूनच निघते, त्यामुळे तीही वर. आता चालकाला रस्ता दिसायला हवा, म्हणून सीट वर. सीट वर गेली तर डोकं छपराला लागेल, म्हणून छप्पर वर. या टप्प्यावर हातात उरते ती एक उंच, जाड कमरेची गाडी, आणि सेडान तर बसकी दिसायला हवी. मग उंची लपवायची धडपड सुरू होते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ताणा म्हणजे उंची कमी वाटेल. चाकं मोठी करा म्हणजे पत्र्याची भिंत लहान वाटेल. छप्पर मध्येच उंच ठेवून मागे लवकर उतरवा. दाराच्या सपाट पत्र्यावर खोल घड्या पाडा, म्हणजे सावल्या पडतील आणि एवढा उंच पत्रा एकसंध दिसणार नाही. तोंड उंच झालं, तिथे मोठा कोरा भाग पडला, तो जाळीने भरा.

ज्यांच्यावर शौकीन चिडतात ती १९ इंची चाकं, त्या घड्या, ती अवाढव्य जाळी, सगळी या एकाच दुखण्यावरची औषधं आहेत. काही औषधांचा अतिरेक झाला हे मान्य. ऑडीने २००४ च्या सुमारास वरची आणि खालची जाळी एकत्र करून एकच चौकट केली, तेव्हा ती खरोखर चांगली दिसत होती. नंतर प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठी हवी झाली. इलेक्ट्रिक गाडीला इतक्या हवेची गरज नसते, तिथेही बंद जाळीचं नुसतं चित्र लावलेलं बघून मला वाईट वाटतं. ती जागा हेडलॅम्पना द्यायला हवी होती. एलईडीमुळे दिवा बोटभर जाडीचा करता येतो, त्याचा उपयोग चेहरा शांत करायला व्हायला हवा होता.

बाजूच्या धडकेनेही रेघ वर ढकलली. समोरून धडक बसली तर बॉनेटची सगळी लांबी चुरगळायला मिळते. बाजूने बसली तर आपल्यात आणि समोरच्या गाडीत फक्त दार असतं. म्हणून दार जाड झालं. आत आडवा पोलादी दांडा आला, एअरबॅग आली, ऊर्जा शोषणारं भरण आलं. समोरून येणाऱ्या गाड्या उंच होत गेल्या तशी दाराची कडाही वर न्यावी लागली. छपराच्या ताकदीचा अमेरिकी नियम २००९ मध्ये दुपटीने कडक झाला: आधी गाडीच्या वजनाच्या दीडपट भार छपराने सोसायचा होता, आता तिप्पट. २०१२ पासून तिथल्या आयआयएचएस या सुरक्षा संस्थेने अशी चाचणी सुरू केली, जिच्यात गाडीच्या रुंदीचा फक्त पाव भाग ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळतो. तो धक्का चासीच्या मुख्य दांड्यांच्या बाहेरून जातो आणि ए-पिलरवर, म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर येतो. म्हणून ए-पिलर मनगटाऐवजी दंडाएवढे झाले. ई-३० चे पिलर सुंदर होते, आणि त्या गाडीत आजची धडक कोणीही सोसू नये असं मला मनापासून वाटतं. माझी नजर जुन्या पिलरवर जीव टाकते, पण घरच्यांना मी जाड पिलरमागेच बसवते.

आता दर पिढीत गाडी मोठी का होते, याकडे वळते. ग्राहक तीच गाडी पुन्हा घ्यायला येतो तेव्हा त्याची मुलं मोठी झालेली असतात आणि त्याला मागे थोडी जास्त जागा हवी असते. कंपनीलाही नवं मॉडेल आधीच्यापेक्षा "जास्त" आहे हे दाखवायचं असतं. त्यामुळे प्रत्येक नाव एक-एक पायरी वर चढतं आणि खाली रिकाम्या झालेल्या पायरीवर नवं नाव येतं. मर्सिडीजची १९८२ ची १९०, म्हणजे डब्ल्यू-२०१, ४४२० मिमी लांब होती. तिच्याच वंशातली आजची सी-क्लास ४७५१ मिमी आहे, म्हणजे १९८४ च्या मोठ्या डब्ल्यू-१२४ पेक्षाही (४७४० मिमी) लांब. खाली आलेली २०१८ ची ए-क्लास सेडान ४५४९ मिमी, तीदेखील जुन्या १९० हून मोठी. ऑडीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. १९९४ ची पहिली ए-४ आणि २०२० ची ए-३ सेडान यांच्या लांबीत दोन बोटांचाही फरक नाही. टोयोटा कोरोला १९६६ मध्ये ३८४५ मिमीची होती, आज ४६०० च्या पुढे आहे.

म्हणून तुलना नावाची करू नका, मापाची करा. "आजची थ्री सिरीज जुन्या थ्री सिरीजसारखी का नाही?" या प्रश्नाला अर्थ उरत नाही, कारण आजची थ्री सिरीज लांबीने ई-३४ फाइव्ह सिरीज आहे (४७२० मिमी), आणि तिचा २८५१ मिमीचा व्हीलबेस १९९५ च्या ई-३९ फाइव्ह सिरीजपेक्षाही लांब आहे. जुन्या थ्री सिरीजच्या मापाचं काही हवं असेल तर एक पायरी खाली शोधावं लागेल, आणि तिथे बहुधा आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसवलेलं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद मिळेल. शौकिनाचं खरं नुकसान इथे झालं आहे. लहान, मागच्या चाकांवर चालणारी, उभ्या (गाडीच्या लांबीत बसवलेल्या) इंजिनाची चार दारी सेडान ही जागाच रिकामी झाली. उभं इंजिन असलं की पुढचं चाक दारापासून लांब पुढे जातं, आणि चाक ते दार हे अंतर गाडीला जो डौल देतं तो इतर कशानेही येत नाही. आडव्या इंजिनात चाक दाराजवळ येतं आणि नाक चाकाच्या पुढे लोंबतं. दोन गाड्यांची लांबी सारखी असली तरी डोळा हे लगेच पकडतो, नाव सांगता आलं नाही तरी.

सरकारी नियमांनी गाड्यांची अंगकाठी जितकी घडवली आहे तितकी ती एखाद्या थोर डिझायनरनेही घडवलेली नाही. जपानमध्ये ४.७ मीटर लांबी, १.७ मीटर रुंदी आणि दोन लिटर इंजिन यांच्या आतली गाडी लहान वर्गात मोडते. १९८९ च्या करसुधारणेपर्यंत त्या मर्यादेबाहेर गेलं की कराचा बोजा एकदम वाढायचा. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी जपानी सेडान बरोबर १६९५ मिमी रुंद का होत्या, याचं उत्तर हे. लांबी वाढली पण रुंदी थांबली, त्यामुळे त्या ताठ, उभ्या काचांच्या, सडपातळ दिसतात आणि आज लोक त्या रूपावर जीव टाकतात. कर उठल्यावर रुंदी भराभर वाढली. अमेरिकेत २०११-१२ च्या सुमारास इंधनखपतीचं लक्ष्य गाडीच्या पायठशाशी, म्हणजे व्हीलबेस आणि दोन चाकांमधली रुंदी यांच्या गुणाकाराशी, जोडलं गेलं. पायठसा मोठा, तर लक्ष्य सैल. असा नियम असेल तर गाडी आखूड करायला कोण बसेल? चीनमध्ये मागच्या सीटवर ऐसपैस बसायला मोल आहे, म्हणून तिथल्या थ्री सिरीजचा व्हीलबेस ताणून २९६१ मिमी केला. भारतात करसवलतीसाठी ४ मीटरची रेषा आखली गेली आणि ३९९५ मिमीच्या, डिकी छाटलेल्या सेडान जन्माला आल्या. त्यांच्या बुटक्या शेपटीला नावं ठेवणं सोपं आहे. हॅचबॅकच्या अंगावर इतक्या कमी जागेत खरी, उपयोगी डिकी बसवणं हे आमच्या धंद्यातलं फार अवघड काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

वाढ एकाच दिशेने होते असंही नाही. शौकिनांच्या चर्चेत हा भाग नेहमी सुटतो. १९७७ मध्ये जनरल मोटर्सने शेवरोलेट कॅप्रिस-इम्पालाची लांबी एका फटक्यात १० इंचांहून जास्त कापली, वजन काहीशे किलोंनी उतरवलं, आणि आतली जागा जाऊ दिली नाही. तेलाचं संकट आणि इंधनाचा नवा कायदा मागे लागला होता. ई-३० स्वतः तिच्या आधीच्या ई-२१ पेक्षा ३ सेंटीमीटरने आखूड होती. १९९१ ची मर्सिडीज एस-क्लास, डब्ल्यू-१४०, अवजड आहे म्हणून तिच्यावर भरपूर टीका झाली. १९९८ ला तिच्या जागी आलेली डब्ल्यू-२२० साडेसात सेंटीमीटर आखूड, अरुंद आणि हलकी होती. मागे जाता येतं. त्यासाठी इंधन, कायदा किंवा लोकांची नाराजी यांतलं काहीतरी खूप जोराने मागे लागावं लागतं.

उंचीचंही असंच आहे. बसकी सेडान हेच सेडानचं मूळ रूप, असं आपण धरून चालतो. पण पन्नाशीच्या दशकातल्या मर्सिडीज पाँटनसारख्या सेडान दीड मीटरहून उंच होत्या, लोक ताठ बसायचे. साठ ते नव्वद ही तीस-चाळीस वर्षं गाड्या बसक्या झाल्या, आणि आता पुन्हा वर निघाल्या आहेत. आजची बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीज, जी-७०, १५४४ मिमी उंच आहे. १९९४ ची ई-३८ साधारण १४३५ होती. ई-३८ ला मी आजही रस्त्यावर वळून बघते. लांब, सपाट, कुठेही आवाज न चढवणारी गाडी. तिच्या दाराच्या पत्र्यावर एक रेघ आहे आणि ती पुरते.

आता उतरत्या छपराबद्दल. २००४ मध्ये मर्सिडीजने सीएलएस आणली, चार दारांची कूपे म्हणून (कूपे म्हणजे एरवी दोन दारांची, उतरत्या छपराची गाडी). कमानीसारखी एकच रेषा पुढून मागेपर्यंत गेलेली, आणि ती खरोखर देखणी होती. २००८ मध्ये फोक्सवॅगनची पसाट सीसी आली, २०१० मध्ये ऑडी ए-७, आणि पाहता पाहता ते छप्पर साध्या कौटुंबिक सेडानवरही बसलं. सौंदर्याबरोबरच यात हवेचाही हात आहे. छप्पर हळूहळू उतरलं आणि डिकीची कडा उंच राहिली, तर हवा पाठीला चिकटून जाते आणि मागे भोवरे कमी होतात. १९८२ च्या ऑडी १०० ने ०.३० हा ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा, आकडा गाठला तेव्हा त्याची केवढी वाहवा झाली होती. आज इलेक्ट्रिक सेडान ०.२० च्या आसपास आहेत, आणि तिथे तर एकेक हजारांशाचा थेट संबंध पल्ल्याशी येतो.

पण किंमत मागे बसणारा मोजतो. आम्ही क्ले मॉडेलच्या, म्हणजे मातीच्या नमुन्याच्या, आधी लाकूड आणि फोमचा पूर्ण मापाचा सांगाडा बनवतो, फक्त बसून बघण्यासाठी. अशाच एका सांगाड्यात मी मागच्या दारातून माणसांना आत बसायला सांगत होते. चित्रात सगळ्यांना आवडलेलं छप्पर. पहिले चार जण आत शिरताना चौघांचीही डोकी एकाच जागी आपटली. चित्रकाराने छप्पर १२ मिमी वर घेतलं, हवेच्या चाचणीवाल्यांनी ते ८ मिमीने परत खाली मागितलं, आणि तो वाद तीन आठवडे चालला. शेवटी मागची सीट खाली घेतली. त्यामुळे मांड्यांखालचा आधार गेला आणि गुडघे वर आले. लांबच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसाला ते जाणवतंच. त्या निर्णयावर माझीही सही आहे आणि तो मला आजही खुपतो.

डिकीचंही तसंच होतं. मागची काच लांबवर उतरली की डिकीचं झाकण आखूड होतं आणि तोंड फटीसारखं उरतं. आत पाचशे लिटर जागा असते, पण मोठी पेटी आत जात नाही. अशा छपराला खरं म्हणजे काचेसकट उघडणारं मागचं दार द्यायला हवं, स्कोडा ऑक्टाव्हियासारखं. उतरतं छप्पर आणि आखूड झाकण ही जोडी मला कधीच पटलेली नाही. तीन डब्यांची सेडान, म्हणजे नाक, माणसं आणि सामान वेगवेगळे दाखवणारी, बघणाऱ्याला सरळ सांगते की कशाला किती जागा दिली आहे. तो प्रामाणिकपणा मला आवडतो. ब्रूनो साको मर्सिडीजचं डिझाइन सांभाळत असताना आग्रह धरायचे की नव्या गाडीने जुनीला म्हातारी दिसायला लावू नये. १९० आणि डब्ल्यू-१२४ आजही शिळ्या वाटत नाहीत, त्यामागे ही शिस्त आहे. घड्या आणि चेहरे दर चार वर्षांनी बदलायचे ठरवलं तर ती शिस्त टिकत नाही.

शौकिनांशी माझा खरा मतभेद लांबीवरून आहे. लांबीवर ते सगळ्यात जास्त बोलतात आणि तिच्याने त्यांचं सगळ्यात कमी बिघडतं. लांब व्हीलबेस गाडीला स्थिर करतो, मागे पाय पसरू देतो आणि उंचीही लपवतो. चालवण्यातली मजा रुंदी खाते. तीन मीटरच्या लेनमध्ये ई-३० च्या दोन्ही बाजूंना मिळून १३५ सेंटीमीटर मोकळे राहायचे. जी-२० मध्ये आरसे न धरता ११७ उरतात. वळणदार रस्त्यावर लेनच्या आतच गाडीला आपली रेघ निवडायला जी जागा लागते, ती या अठरा सेंटीमीटरांत गेली. रस्ते आणि पार्किंगच्या खुणा तर होत्या तेवढ्याच आहेत. आणि वाढलेली सगळी रुंदी आत मिळालेली नाही, बराचसा हिस्सा दारांच्या जाडीत आणि फुगवलेल्या चाककमानींत गेला. वजनाचंही धरा. ई-३० च्या साध्या आवृत्त्या अकराशे किलोच्या आसपास होत्या, जी-२० दीड हजारांच्या आसपास आहे. तेव्हा भांडायचंच असेल तर लांबी सोडा आणि रुंदीसाठी भांडा.

काही जण परत फिरू लागले आहेत, आणि ते बघून बरं वाटतं. २०२१ ची होंडा सिव्हिक बघा. आधीच्या दहाव्या पिढीत चेहऱ्यावर खोट्या जाळ्या आणि चिरा होत्या. अकराव्या पिढीत बॉनेट साधारण एक इंच खाली घेतलं, ए-पिलरचा पाया ५ सेंटीमीटर मागे नेला, बेल्टलाइन सरळ आणि खाली ठेवली. पादचाऱ्यांचा नियम तोच, धडकेचे नियम आणखी कडक, तरी जमलं. बॉनेटखाली एकेक भाग बसवताना मिलिमीटर मोजले की जमतं. तिच्यात बसल्यावर समोरचा रस्ता दिसतो, आणि डॅशबोर्ड खाली असणं म्हणजे काय हे नव्या पिढीला पहिल्यांदाच कळतं. २०२२ च्या ह्युंदाई ग्रँजरने १९८६ च्या पहिल्या ग्रँजरची मागची छोटी काच आणि ताठ सी-पिलर, म्हणजे मागच्या दारामागचा खांब, परत आणला. दुसरीकडे टोयोटाने त्याच वर्षी क्राऊनला १५४० मिमीपर्यंत वर उचलून क्रॉसओव्हर, म्हणजे सेडान आणि एसयूव्ही यांच्या मधली गाडी, केलं. लोकांना उंच बसायला आवडतं, गुडघे दुखणाऱ्याला खाली वाकायला नको असतं, आणि ही गरज खरी आहे.

राहिला प्रश्न इलेक्ट्रिक सेडानचा. बॅटरी गाडीच्या तळात १० ते १५ सेंटीमीटर जाडीची पसरते, मग माणूस तिच्यावर बसतो आणि छप्पर वर जातं. मर्सिडीज ईक्यूएस म्हणूनच १५१२ मिमी उंच आहे आणि ह्युंदाई आयोनिक ६ १४९५. त्यांची कमानीसारखी पाठ बघून कोणी मोठ्या खड्याची उपमा देतं, कोणी साबणाच्या वडीची, पण बॅटरी आणि हवा दोघींना एकाच वेळी खूश ठेवायचं तर सध्या हाच आकार निघतो. पोर्शेने टायकानमध्ये वेगळा मार्ग घेतला. मागच्या माणसाच्या पायांखाली बॅटरीत खाच ठेवली, तिथे सेल घातलेच नाहीत, त्यामुळे पाय खाली जातात, माणूस खाली बसतो आणि छप्पर खाली येतं. टायकानची उंची साधारण १३८० मिमी आहे, ई-३० एवढीच. ही उंची इलेक्ट्रिक चार दारी गाडीत गाठता येते हे तिने दाखवून दिलं. रुंदी मात्र १९६६ मिमी आहे.